चार महिने उभ्या कॅम्परची बॅटरी: आधी गळती मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका गृहस्थांनी मिनीबसवर कॅम्पर बांधून घेतलाय. पावसाळा सरला की कुटुंबाला घेऊन हिंडतात, आणि जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत गाडी सोसायटीच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये उभी असते. दर रविवारी न चुकता ते दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतात. तरीही ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’. गेल्या वर्षी नवीन बॅटरी टाकली, यंदा पुन्हा तेच. मागची दिवे-पंखा-फ्रिजची १५० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) बॅटरी तर जूनमध्येच उतरते आणि इन्व्हर्टर ओरडायला लागतो. ते विचारतात: छोटं सोलर पॅनेल लावू, चार्जर घेऊ, की बॅटऱ्या काढूनच ठेवू?

मी २७ वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो आणि गेली काही वर्षं त्यात कॅम्परही येतात. गणपतीच्या आसपास अशी एखादी गाडी टो होऊन माझ्याकडे येतेच, आणि मालक बॅटरी कंपनीवर चिडलेले असतात. बहुतेक वेळा बॅटरीचा दोष नसतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साहेब, तुमच्या गाडीत दोन बॅटऱ्या आहेत आणि त्यांची दुखणी वेगळी आहेत. पुढची बॅटरी इंजिन चालू करण्यासाठी असते. ती चार-पाच सेकंद भरपूर करंट देते आणि लगेच भरून घेते. तिला रिकामं राहणं अजिबात मानवत नाही. मागची थोडा थोडा करंट तासन्‌तास देण्यासाठी बनलेली असते, ती बरंच सोसते. पण दोन्ही शिशाच्या असतील, तर एक नियम दोघींना सारखा: अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्या की प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो. तो दोन-चार दिवसांचा असेल तर चार्जिंगला लावल्यावर विरघळतो. दोन-तीन महिने तसाच राहिला तर कडक होतो, आणि मग कितीही चार्ज करा, बॅटरीची ताकद परत येत नाही. तुमच्या दोन बॅटऱ्या बहुधा अशाच गेल्या.

आता पुढच्या बॅटरीचा हिशेब करू. ती ८० एएचची आहे असं धरतो. गाडी लॉक करून उभी असली तरी सेंट्रल लॉकचा रिसीव्हर, अलार्म, स्टिरिओची मेमरी, इंजिनाचा कंट्रोल युनिट आणि तुम्ही लावला असेल तर जीपीएस ट्रॅकर, हे सगळे थोडा थोडा करंट खातच असतात. (फास्टॅग त्यात धरू नका, त्याला गाडीच्या बॅटरीतून काहीच लागत नाही.) ५० मिलिअँपिअरपर्यंतची गळती मी ठीक मानतो. ट्रॅकर आणि बाहेरून बसवलेला अलार्म असलेल्या गाडीत ६० सहज होते. ६० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला जवळपास दीड एएच आणि आठवड्याला दहा एएच. बॅटरी स्वतःहून उतरते ती वेगळीच.

या दहापैकी रविवारच्या दहा मिनिटांत परत किती येतं? सेल्फ आणि हीटर प्लग मिळून अर्धा एएच खातात. नंतर आयडलिंगवर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारा जनरेटर, बॅटरीला फार तर १५-२० अँपिअर देतो, म्हणजे दहा मिनिटांत तीन एएच. दर आठवड्याला सात एएचची तूट. जूनच्या मध्यापासून नऊ आठवडे मोजा: ६० एएचच्या वर झाली. ८० एएचच्या बॅटरीत मग डिझेल इंजिन फिरवण्याएवढा दम उरत नाही. तारीख बघा, ऑगस्टचा तिसरा आठवडाच येतो. माझे आकडे अंदाजाचे आहेत, पण तुमच्या अनुभवाशी ते इतके जुळतात की मला बॅटरीवर संशय घ्यावासाच वाटत नाही.

म्हणून पहिली विनंती: रविवारचं इंजिन चालू ठेवणं बंद करा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची ही सवय आहे, ती गाडीच्या काळजीपोटीच लागलेली असते हे मला कळतं. पण शिशाच्या बॅटरीचा शेवटचा २० टक्के भाग भरायला काही तास लागतात. दहा मिनिटांत ती कधीच पूर्ण भरत नाही. शिवाय थंड इंजिन चालू करून लगेच बंद केलं की सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी साठतं, आणि बीएस-६ डिझेलमध्ये काजळी पकडणारा फिल्टर भरत जातो. पार्किंग बंदिस्त असेल तर धुरामुळे जिवाला धोका, तो वेगळा. इंजिन चालू करायचंच असेल तर गाडी बाहेर काढा आणि तासभर चांगली पळवा. दोन-तीन आठवड्यांतून एकदा लोणावळ्यापर्यंत जाऊन आलात तर बॅटरीबरोबर टायर आणि ब्रेकचंही भलं होतं. ते जमणार नसेल तर इंजिनाला हातच लावू नका.

इथे माझी एक चूक सांगतो. कामाच्या सुरुवातीच्या काळात एका ग्राहकाला मी एका वर्षात दोन बॅटऱ्या विकल्या. दोन्ही वेळा जुनी तपासली, खराब निघाली, नवी बसवली. तिसऱ्यांदा ते आले तेव्हा पहिल्यांदाच मी गाडीतून उभ्या उभ्या किती करंट जातोय ते मोजलं. ४०० मिलिअँपिअरच्या वर! डिकीतला दिवा झाकण बंद केल्यावरही विझत नव्हता. स्विच वाकला होता. पाच वॅटचा दिवा दिवसाला दहा एएच पीत होता. पहिल्याच दिवशी मीटर लावला असता तर त्या माणसाचे पैसे वाचले असते. तेव्हापासून न मोजता बॅटरी बदलायची नाही, हा नियम मी पाळतो. कॅम्परमध्ये तर कपाटातले, पायरीचे, छतातले असे दिवे ढीगभर असतात.

मोजायचं कसं तेही सांगतो, कारण घरी जमण्यासारखं आहे. साधा डिजिटल मीटर घ्या, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला. इग्निशन बंद, दारं बंद, किल्ली खिशात. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवून बॅटरीचं टोक आणि केबल यांच्या मध्ये मीटर जोडा. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, घाबरू नका. नव्या गाड्यांचे युनिट झोपी जायला वेळ घेतात. पाऊण तास थांबा आणि मग आकडा वाचा. मधे दार उघडलंत तर ते पुन्हा जागे होतात. मीटर जोडलेला असताना इग्निशन चालू करू नका, मीटरचा फ्यूज उडेल. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर केबल सोडवायचीही गरज नाही. मात्र घरगुती वायरिंगवाल्यांकडे असतो तो बहुतेकदा फक्त एसी मोजतो, त्याने हे काम होणार नाही. आकडा ५० च्या वर राहिला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धपकन खाली येईल तिथे तुमचा चोर आहे.

मागच्या बॅटरीचा चोर मी न बघताही सांगू शकतो: इन्व्हर्टर. त्याला काहीही जोडलेलं नसलं तरी चालू स्थितीत तो स्वतःसाठी १० ते १५ वॅट खातो. म्हणजे १२ व्होल्टवर साधारण एक अँपिअर, दिवसाला २४ एएच. १५० एएचची बॅटरी आठवड्यात रिकामी! तुमचा इन्व्हर्टर जूनमध्येच ओरडतो याचा अर्थ तो चालू राहतोय. काही मॉडेलांत समोरचं बटण दाबलं तरी आतली सर्किट पूर्ण बंद होत नाहीत, म्हणून बटणावर विसंबू नका. गॅस गळतीचा अलार्म बसवला असेल तर तोही बघा. ८० मिलिअँपिअरचा अलार्म महिन्याला जवळपास ५८ एएच खातो. सिलिंडर उतरवून बाहेर काढला असेल तर त्याला चालू ठेवण्याचं कारण नाही. सिलिंडर गाडीतच असेल तर अलार्म बंद करू नका, सिलिंडर हलवा.

आता तुमच्या परिस्थितीत काय करावं. डोक्यावर इमारत असल्याने ऊन नाही, प्लग पॉइंट आहे की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि चार महिने गाडी लागणार नाही. अशा वेळी माझं उत्तर सरळ आहे: दोन्ही बॅटऱ्या पूर्ण भरा आणि दोन्हींना स्वतंत्र कटऑफ स्विच बसवा. ट्रकला असतो तसला फिरवायचा स्विच. पुढच्याचा निगेटिव्ह केबलवर बसवा. मागच्याचा पॉझिटिव्हवर, बॅटरीजवळच्या मोठ्या फ्यूजनंतर. सेल्फचा करंट पेलणारा जाड स्विच घ्या. स्वस्तातला पातळ घेतलात तर सेल्फ मारताना तोच तापेल.

स्विच फिरवला की गळती शून्य. मग उरतं ते बॅटरीचं स्वतःहून उतरणं. पाणी घालायच्या साध्या बॅटरीत ते पुण्याच्या पावसाळी हवेत महिन्याला साधारण ४ ते ६ टक्के असतं. चार महिन्यांत २० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ऑक्टोबरातही गाडी एका सेल्फमध्ये चालू व्हावी. बॅटरी जुनी असेल तर हा आकडा वाढतो, म्हणून ऑगस्टच्या सुरुवातीला एक रात्र चार्जिंगला लावा असं मी सांगतो.

स्विच फिरवण्याआधी दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवा. बीएस-६ डिझेलमध्ये धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाची टाकी असेल तर इग्निशन बंद केल्यावर तिचा पंप पाइपमधला युरिया परत ओढून घेतो. त्याला दोन-तीन मिनिटं द्या, मगच वीज तोडा. काही गाड्यांचा स्टिरिओ वीज गेल्यावर कोड मागतो, तो आधी शोधून ठेवा. रिमोट चालणार नाही, तेव्हा किल्लीने दार उघडतंय ना हे आजच बघा. कित्येकांनी ते कुलूप वर्षानुवर्षं वापरलेलं नसतं आणि ते अडकतं. अलार्म आणि ट्रॅकरही बंद होतील. सोसायटीला रखवालदार असेल तर फारशी चिंता नाही, रस्त्यावर गाडी लागत असेल तर विचार करावा लागेल. स्विच न बसवता केबलच सोडवणार असाल तर आधी निगेटिव्ह काढा, जोडताना निगेटिव्ह शेवटी. पान्हा चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही ती या क्रमामुळे.

ट्रॅकर चालूच ठेवायचा असेल तर चार्जरशिवाय गत्यंतर नाही. मग तीन टप्प्यांत चार्ज करणारा, बॅटरी भरली की आपणहून १३.२ ते १३.६ व्होल्टवर उतरून तिथेच थांबणारा घ्या. ८० एएचला ५ ते ८ अँपिअरचा पुरतो. बॅटरीच्या दुकानात असतो तसला जुना लोखंडी डब्याचा चार्जर कायम लावून ठेवू नका. तो थांबत नाही, पाणी उकळवून टाकतो. सोसायटीच्या बैठकीत हा विषय काढलात तर विजेचा प्रश्न निघेलच, म्हणून आकडा जवळ असू द्या: भरलेल्या बॅटरीवर लटकलेला असा चार्जर सरासरी पाच वॅट घेत असेल तर महिन्याला चार युनिटही होत नाहीत. पॉइंटला आरसीसीबी, म्हणजे शॉक बसायची वेळ आली की वीज तोडणारा स्विच, असू द्या. खिडकीतून वायर लोंबकळत आणून पावसाळ्यात कुणाच्या जिवाशी खेळू नका. बॅटरीच्या निगेटिव्हवर छोटा सेन्सर दिसला तर चार्जरची काळी क्लिप टर्मिनलला न लावता चॅसीला लावा, नाहीतर गाडीला बॅटरी भरल्याचं कळतच नाही. आणि चार्जिंग चालू असताना झाकण किंवा खिडकी उघडी ठेवा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो. मागची बॅटरी सीटखाली बंद खोक्यात असेल तर खोक्याला बाहेर जाणारी नळी हवीच.

मागची बॅटरी ट्यूब्युलर असेल तर ती आम्लासकट ५०-६० किलोची असते, घरी न्यायच्या फंदात पडू नका. बहुतेक इन्व्हर्टरमध्ये चार्जर असतोच. महिन्यातून एकदा सोसायटीच्या पॉइंटवरून रात्रभर लावा, सकाळी काढा आणि स्विच फिरवा. पुढची वीसेक किलोची असते, ती दोघांनी मिळून घरी नेता येईल. जमिनीवर ठेवल्याने बॅटरी उतरते असं अजून ऐकू येतं आणि लोक फळी शोधत बसतात. जुन्या रबरी खोक्यांच्या काळात त्यात तथ्य होतं. आजच्या प्लास्टिकच्या खोक्याला फरशीचं काही होत नाही. गॅलरीत सावलीत, मुलांच्या हातापासून दूर ठेवा, एवढं पुरे.

सोलरबद्दल: तुमच्या पार्किंगमध्ये त्याचा उपयोग नाही. उघड्यावर गाडी लावणाऱ्यांसाठी सांगतो, जुलैच्या ढगाळ दिवसांत पॅनेलकडून एक-सव्वा तासाच्या कडक उन्हाएवढीच अपेक्षा ठेवा. टपावरचं ५० वॅटचं पॅनेल तेव्हा दिवसाला तीन-चार एएच देतं, म्हणजे पुढच्या बॅटरीची गळती भागते. काचेमागे ठेवायचं पाच-दहा वॅटचं पॅनेल पावसाळ्यात पुरत नाही. त्यातही ते सिगरेट लायटरच्या सॉकेटला जोडायचं असतं आणि बऱ्याच गाड्यांत इग्निशन बंद केलं की ते सॉकेटच बंद होतं. तीन महिने पॅनेल लावलं आणि बॅटरीपर्यंत काहीच पोचलं नाही, अशा दोन गाड्या मी पाहिल्यात. पॅनेल लावाल तर चार्ज कंट्रोलरसह (पॅनेलचा व्होल्टेज बॅटरीला सोसेल एवढाच ठेवणारा डबा), फ्यूज घालून, थेट बॅटरीला. उघड्या सर्किटमध्ये १२ व्होल्टचं म्हणून विकलेलं पॅनेल २१-२२ व्होल्ट देतं, कंट्रोलरशिवाय ते बॅटरीला मारक आहे.

ज्यांच्या मागे लिथियम फॉस्फेट बॅटरी आहे त्यांनी वरचे नियम तसेच्या तसे लावू नयेत. तिला भरलेली ठेवण्याची गरज नाही. निम्मी-साठ टक्के भरून, सगळं तोडून ठेवली की चार महिने निवांत राहते. व्होल्टमीटरवरून तिची पातळी कळत नाही, कारण १३.२-१३.३ वर ती बराच काळ हलत नाही. विदर्भातल्या वाचकांसाठी उलटी गोष्ट: तुमचा धोक्याचा काळ पावसाळा नसून मे महिना आहे. दर दहा अंशांनी तापमान वाढलं की शिशाची बॅटरी साधारण दुप्पट वेगाने उतरते, आणि उन्हात चार्जरचा व्होल्टेजही थोडा कमी लागतो, म्हणून तापमान ओळखणारा चार्जर घ्या. कॅनडात असलेल्या एका मराठी कुटुंबाने मला हेच विचारलं होतं. तिथे भीती गोठण्याची: भरलेल्या बॅटरीचं आम्ल कडाक्याच्या थंडीतही पातळ राहतं, पण पूर्ण उतरलेली शून्याखाली दहा अंशांच्या आसपासच गोठते आणि खोकं फुटतं. लिथियम तर शून्याखाली चार्जच करायची नाही.

तुमच्यापुरतं वेळापत्रक असं होईल. जूनमध्ये गाडी उभी करण्याआधी पाणी बघा, कमी असेल तर प्लेटा बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला. आरओचं पाणी नको, आम्ल तर मुळीच नको. रात्रभर चार्ज करा, त्यानंतर खुणेपर्यंत पाणी भरा, टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा क्षार गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुऊन पेट्रोलियम जेली लावा, स्विच फिरवा. महिन्यातून एकदा मीटर लावून व्होल्टेज बघा. १२.६ किंवा वर असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२.४ च्या खाली गेली की वाट न बघता चार्जिंगला लावा. चार्जर काढल्यावर लगेच मोजू नका, तेव्हा आकडा फुगलेला असतो. रात्रभर थांबून सकाळी मोजा.

राहिला आत्ता बसलेल्या बॅटरीचा प्रश्न. ती लगेच बदलू नका. दुकानात कमी अँपिअरवर सावकाश पूर्ण चार्ज करून घ्या, घाई करू देऊ नका. रात्रभर ठेवून सकाळी १२.५ च्या वर राहिली तर आम्लाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरने सहाही सेल बघा. पाच सेल १.२५० दाखवत असतील आणि एखादा १.२०० वर अडकला असेल तर बॅटरी गेली. सगळे सारखे असतील तर गाडीत बसवून सेल्फ मारताना कुणाला तरी मीटर धरायला सांगा. साडेनऊ व्होल्टच्या खाली कोसळली नाही तर तिच्यात अजून जीव आहे. बॅटरी सीलबंद असेल तर हायड्रोमीटर चालणार नाही, आणि वरची हिरवी खूण एकाच सेलची असते, तिच्यावर निर्णय घेऊ नका. दुकानात लोड टेस्ट, म्हणजे मोठा करंट ओढून बॅटरीची चाचणी, करून घ्या. हे होईपर्यंत गळतीचा आकडाही काढून ठेवा, पाऊण तास थांबूनच. तो मिलिअँपिअरमध्ये किती आला आणि कोणता फ्यूज काढल्यावर खाली आला ते कळवलंत, तर पुढचं सांगता येईल.